मधल्या दाराची बिजागरी

मुक्काम: बसचा शेवटचा थांबा
दि. ३ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता बघून दचकू नकोस. सहलीच्या कागदावर जे हॉटेल लिहिलं होतं तिथे मी नाही. मी एका बस चालवणाऱ्या बाईंच्या घरी, त्यांच्या वडिलांच्या पलंगावर आडवा आहे आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. जीव शाबूत आहे. पेचकसही शाबूत आहे.

काय झालं ते मीच सांगतो, नाहीतर तू मनातल्या मनात भलतंच काहीतरी रचशील. आम्ही सातही सुतार लाकूडकामाचं प्रदर्शन बघायला बसने निघालो. माझ्या सीटशेजारचा उभा दांडा खुळखुळत होता. खुळखुळणारी वस्तू हाताशी आहे आणि मी गप्प बसलोय, असं तू साठ वर्षांत कधी बघितलं आहेस का? प्रदर्शनाचा थांबा आला, बाकीचे सहाजण उतरले, त्यांनी मला हाकाही मारल्या म्हणे. पण माझे दोन स्क्रू राहिले होते. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तेव्हा काम संपलं. ड्रायव्हरबाईंनी येऊन दांडा हलवून बघितला, तो हलेना, तेव्हा त्यांनी अंगठा वर करून दाखवला. मी त्या दांड्याकडे कौतुकाने बघत बघत खाली उतरलो आणि शेवटची पायरी चुकलो.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर आणि तोवर विमान नाही. आमच्या सहलीच्या पुढाऱ्यांनी कपाळाला हात लावला, कारण सहल दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात जायची होती. मला कुठे ठेवायचं यावर त्यांची चर्चा चालली होती, तेवढ्यात बाहेर बाकावर गणवेशात बसलेल्या ड्रायव्हरबाई उठल्या, माझी बॅग उचलली आणि चालायला लागल्या. बॅगच निघाली म्हटल्यावर मला मागून जावंच लागलं.

घरात तीन माणसं. ड्रायव्हरबाई, बेकरीत भट्टीवर असतात ते त्यांचे यजमान आणि बाईंचे चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील. यजमानांना मी भट्टीवाले म्हणतो आणि वडिलांना आजोबा. आजोबांनी खालच्या खोलीतला स्वतःचा पलंग मला दिला आणि स्वतः कोचावर झोपतात. मी नको नको म्हणालो तर त्यांनी काठी उगारली. भट्टीवाले मला पाठुंगळी घेऊन न्हाणीघरात नेतात. आक्का, मला शेवटचं पाठुंगळी तूच घेतलं होतंस. बाईंना आणि मला सारखंच मोडकं इंग्रजी येतं, त्यामुळे आमचं छान जमतं.

आता तुझ्याकडचं. निघायच्या दिवशी तू भाजी आणायला गेली होतीस, तेवढ्यात मी तुझ्या मधल्या दाराचं काम उरकून टाकलं होतं. तीस वर्षं ते दार किरकिर करत होतं आणि तीस वर्षं माझे दात शिवशिवत होते. कशी गंमत केली? आणि मी जे विचारलं होतं त्याचं काय ठरवलंस? दुकान बंद झालं, घरी मी एकटा, दाजी गेल्यापासून तूही एकटी. परत आलो की तुझ्याकडे राहायला येऊ का? हो म्हणालीस तर पाय लवकर भरून येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला वाटतं.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे, त्यातला कापून घेऊ नकोस.

तुझा धाकटा,
रंध्या

*

घर
दि. १२ मार्च

चि. रंध्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. आधी देवापुढे दिवा लावला, मग तुझ्या पेचकसाचा उल्लेख वाचला आणि राग आला. लोक परदेशात जाऊन देऊळ, राजवाडा, समुद्र बघतात. तू बसचा दांडा बघितलास.

पायाखाली उशी घेत जा. प्लास्टरच्या आत खाज आली तर फूटपट्टी घालायची नाही, तू घालणार हे मला माहीत आहे म्हणून लिहिते. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. अनोळखी माणसाला उचलून घरी नेणारी बाई एक तर फार भली असते, नाहीतर तिने तुला आधी नीट बघितलेलं नसतं. आजोबांच्या पलंगावर झोपलास ते झोपलास, आता त्यांच्या घरातल्या वस्तूंना हात लावू नकोस. हे मी एकदाच लिहिते आहे, पण तीनदा वाच.

शेजारीण विचारत होती, भाऊ कधी येणार. तिचा मिक्सर आवाज करतो म्हणे. मी तिला सांगितलं, बाई गं, आवाज करतोय तोवर वापरून घे.

दार आता आवाज करत नाही. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. काढलेल्या जुन्या बिजागऱ्या कुठे ठेवल्यास तेवढं कळव.

राहायला येण्याबद्दल अजून ठरलेलं नाही. माझ्या घरातला पाट डुगडुगायचा तो तू नीट केलास, खलबत्ता नीट केलास, दाजींची खुर्ची नीट केलीस. नीट न झालेली मी एकटीच उरले आहे, म्हणून जरा भीती वाटते. विचार करते आहे, घाई करू नकोस.

कळावे. लोभ आहेच, पण तो सध्या कपाटात आहे.

तुझी,
आक्का

*

मुक्काम: बसचा शेवटचा थांबा
दि. २२ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पण ते पोचलं कालच आणि जे झालं ते त्याआधीच, तेव्हा तो गुन्हा धरू नकोस.

आधी चांगलं सांगतो. मी इथे प्रसिद्ध झालो आहे. बाई रोज सकाळी बस माझ्या खिडकीसमोर थांबवतात आणि हॉर्न देतात. मी कुबडी हलवतो, आतले प्रवासी हात हलवतात. एक नर्सबाई माझ्यासाठी वर्तमानपत्र टाकतात, त्यातलं मला अक्षर वाचता येत नाही, पण चित्रं बघतो. एक जाडे गृहस्थ रोज प्लास्टरवर सही करायला उतरतात आणि त्यांच्यामुळे बसला उशीर होतो. सुट्टीच्या दिवशी बाईंनी मला पुढच्या सीटवर बसवून सगळा मार्ग फिरवून आणला. दांडा अजून घट्ट आहे.

आता टेबल. या घराचं स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल भयंकर डुगडुगायचं. एका कोपऱ्यावर हात ठेवला की समोरचा कोपरा बोटभर उचलला जायचा आणि सूप बशीत सांडायचं. मी दोन आठवडे सहन केलं. दोन आठवडे, आक्का! मग वाटलं, ही माणसं मला पाठुंगळी घेऊन फिरवतात, आपण परतफेड काय करणार? पायाखाली पाचर मारणं माझ्या हाताला शोभत नाही. म्हणून घरी कोणी नसताना टेबल आडवं केलं, जमिनीवर बसलो आणि तीन पाय घासून चौथ्याच्या मापाला आणले. चार तास लागले. आता त्यावर पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला ठेव, थेंब हलायचा नाही.

संध्याकाळी मी टाळ्यांची वाट बघत बसलो. बाईंनी टेबलावर हात ठेवला, दाबला, पुन्हा दाबला आणि थँक्यू म्हणून भांडी घासायला गेल्या. भांडी घासलेलीच होती.

इथे रोज जेवणानंतर पत्ते असतात. आजोबा आणि बाई भिडू, भट्टीवाले आणि मी भिडू. भट्टीवाले म्हणतात, लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि एकोणीस वर्षांत ते सासऱ्यांशी पत्त्यांत जिंकलेले नाहीत. टेबल नीट झाल्या दिवसापासून आम्ही सलग चार संध्याकाळी जिंकलो! पहिल्या दिवशी भट्टीवाल्यांनी मला उचलून गिरकी घेतली, प्लास्टर दाराला आपटलं. त्यांना माझा हात शुभ वाटतो. आजोबांचं मात्र बिनसलं आहे. पाचव्या दिवसापासून ते टेबलाशी येतच नाहीत. कोचावर भिंतीकडे तोंड करून झोपतात. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी छाती तपासली, जीभ बघितली, काही सापडलं नाही. माझ्याकडे बघतात तेव्हा मला माझी बॅग भरावीशी वाटते. मी काय चुकलो, आक्का?

बिजागऱ्यांचं म्हणशील तर त्या पार गंजलेल्या होत्या. स्टेशनवर जाताना वाटेत भंगारवाल्याला देऊन टाकल्या. दाराला आता अस्सल पितळेच्या आहेत, तू काळजी करू नकोस.

कळावे. कपाट अधूनमधून उघडत जा.

तुझा,
रंध्या

*

घर
दि. ३१ मार्च

चि. रंध्यास,
आशीर्वाद.

भंगारवाल्याकडे मी जाऊन आले. चार पोती उपसून दाखवली बिचाऱ्याने. बिजागऱ्या वितळायला गेल्या.

आता नीट वाच. दाजी छापखान्यातून संध्याकाळी यायचे. पुढचं दार ते हळूच ढकलायचे, त्याचा आवाज स्वयंपाकघरात यायचा नाही. मग मधलं दार वाजायचं. आधी बारीक, मग एक लांब किर्र. मी वळून न बघता चहाचं आधण ठेवायची आणि विचारायची, आलात का? रोज. त्यांनी कितीदा तेल घालायला घेतलं, मीच घालू दिलं नाही. ते गेल्यावरही दुपारी चारच्या सुमाराला वाऱ्याने ते दार वाजायचं. मी विचारायची, आलात का? मला ठाऊक होतं कोणी आलेलं नाही. वेड लागलं नव्हतं मला. पण विचारायला मिळायचं.

भाजी घेऊन आले तेव्हा दार लोण्यासारखं उघडलं. मी उंबऱ्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे. तू तेव्हा विमानात बसायला निघाला होतास, म्हणून काही बोलले नाही. महिना उलटून गेला, या घरात कोणी येत नाही आणि जात नाही असं वाटतं.

तुझा हेतू वाईट नव्हता. तुझा हेतू कधीच वाईट नसतो, तिथेच तर माझे हात बांधले जातात. पण तू राहायला आलास तर सहा महिन्यांत माझं घर इतकं सुरळीत होईल की मला ते ओळखू येणार नाही. म्हणून माझं उत्तर नाही असं समज. लिहिताना मला बरं वाटत नाही, तरी लिहिते.

आणि त्या टेबलात नक्की काहीतरी होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस चार डाव हरला म्हणून भिंतीकडे तोंड करत नाही. बाईंना सरळ विचार. काय असेल ते असेल, टेबल होतं तसं करून दे. तुला बिघडवता येतं की नाही ते तरी कळेल.

कळावे.

आक्का

*

मुक्काम: बसचा शेवटचा थांबा
दि. १४ एप्रिल

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर जेवलो नाही. बाईंनी विचारलं तर सगळं सांगून टाकलं, दाराचंही. सांगताना मला रडू आलं. चौसष्ट वर्षांचा माणूस प्लास्टर पसरून रडतोय म्हटल्यावर त्यांनी बस डेपोत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा घेतली.

मग मी टेबलाचं विचारलं. त्या आधी लाजल्या, मग दार लावून आल्या. आक्का, बापलेक एकोणीस वर्षं टेबल हलवून लबाडी करतात! आजोबांनी कोपर एकदा दाबलं की त्यांच्याकडे एक्का. दोनदा दाबलं की हुकूम बोल. सारखं डुगडुग केलं की, किती गाढवासारखी खेळतेस. आई गेल्यापासून बाबा माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलत नाहीत, असं बाई म्हणाल्या. जे काही बोलतात ते टेबलावर. मी ते बंद पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी भट्टीवाले बेकरीत गेल्यावर आम्ही टेबल पुन्हा आडवं केलं. मी कानस घेऊन खाली, आजोबा टॉर्च घेऊन वर, बाई दारात पहाऱ्याला. उभ्या आयुष्यात मी मुद्दाम काही बिघडवलेलं नाही. पहिल्यांदा भलताच पाय घासला, त्यामुळे टेबल भट्टीवाल्यांच्या बाजूला डुगडुगायला लागलं, म्हणजे सगळी खबर शत्रूकडे जाणार. आजोबा चिडले. पुन्हा घासलं. आजोबा तराजूचा काटा बघावा तसं कोपराने दाबून बघायचे आणि मान हलवायचे, अजून थोडं. तेवढ्यात भट्टीवाले मागच्या दाराने आत आले. पहारा पुढच्या दाराला होता.

माझ्या हातात कानस, आजोबांच्या हातात टॉर्च, तोही दिवसा. भट्टीवाल्यांनी सगळ्यांकडे बघितलं, बाहेर गेले आणि त्यांच्या हत्यारांच्या पेटीतून माझ्या कानसीपेक्षा दुप्पट मोठी कानस घेऊन आले. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच त्यांना सगळं समजलं होतं म्हणे. चार दिवस जिंकून फार मजा आली, पण सासरे जेवायला येईनासे झाले तर जिंकून करायचं काय, असं म्हणाले. त्या संध्याकाळी आम्ही सपाटून हरलो. आजोबांनी सूप माझ्या मांडीवर सांडलं आणि हसले. ते हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दाराची हकीकत बाईंनी बसमध्ये सांगितली. तिसऱ्या दिवशी सकाळी बस खिडकीसमोर थांबली आणि नर्सबाई खाली उतरल्या, त्यांच्या हातात जुनी बिजागरी. मग ते जाडे गृहस्थ, त्यांच्याकडे तीन. दोन दिवसांत एकवीस बिजागऱ्या जमल्या. भट्टीवाल्यांनी एक फळी उभी केली, आम्ही प्रत्येक बिजागरी तिला लावून वाजवून बघत होतो. तुझ्या दाराचा आवाज माझ्या दातांत पक्का बसलेला आहे, तीस वर्षं ऐकलाय. मी तोंडाने किर्र करून दाखवायचो आणि सगळे मान तिरकी करून ऐकायचे. एक फार जाड निघाली, एक रडकी, एक नुसतीच खोकायची. शेवटी आजोबा उठले, परसात गेले आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बिजागरीसकट उपटून आणलं. आधी बारीक, मग लांब किर्र. पुष्कळसं तसंच आहे, आक्का. अगदी तसंच नाही, मी खोटं सांगणार नाही. कोंबड्या सध्या घरात फिरताहेत.

प्लास्टर उद्या निघेल, पुढच्या आठवड्यात विमान. सहा आठवडे सांभाळणाऱ्या माणसांना निघताना इंग्रजीत काय म्हणतात ते मलाही येत नाही आणि त्यांनाही येत नाही.

राहायला येण्याबद्दल आता विचारणार नाही. तुझं बरोबर आहे. बिजागरी लावीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन.

कळावे. लोभ मागत नाही, तुझ्या इच्छेवर सोडतो.

तुझा,
रंध्या

*

घर
दि. ४ मे

चि. रंध्यास,
अनेक अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी आठ दिवस लेकीकडे गेलेले आणि तू नेमका तेव्हाच येऊन गेलास. शेजारणीकडून किल्ली घेतलीस म्हणे. लंगडत होतास, चहा नको म्हणालास, तिच्या मिक्सरकडे बघितलंस आणि हात पाठीमागे बांधून निघून गेलास. तिला फार वाईट वाटलं. मी समोर येऊ नये म्हणूनच माझी पाठ वळलेली बघून आलास ना? लहानपणी काच फोडलीस की असाच माळ्यावर जाऊन बसायचास.

बिजागरी बघितली. इतक्या सुबक लावलेल्या इतक्या गंजक्या बिजागऱ्या मी आयुष्यात बघितल्या नाहीत. परवा दुपारी चार वाजता वारा आला आणि दार वाजलं. मी निवडायला घेतलेले तांदूळ तसेच धरून बसले. रंध्या, तो दाजींचा आवाज नाही. बारीक आहे, लांबही आहे, पण शेवटी ती कोंबडीसारखी ओरडते. मला इतकं हसू आलं की तांदूळ सांडले. किती दिवसांनी हसले याचा हिशेब नाही. एका परक्या म्हाताऱ्याने माझ्यासाठी आपलं खुराडं मोडलं, ते डोळ्यांपुढे आलं आणि हसता हसता रडले.

काल पुन्हा वाजलं. मी चुलीशी होते, ध्यानीमनी काही नव्हतं. सवयीने आधण ठेवलं आणि विचारून गेले. पण तोंडून 'आलात का' आलं नाही. तोंडून आलं, रंध्या, आलास का? वळून बघितलं तर दारात कोणी नाही. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

म्हणून ये. अंथरूण घेऊन ये, पुढची खोली रिकामी केली आहे. माझी अट एकच. कपाटाचा खण अडकतो तो अडकू दे, खिडकीची काच खडखडते ती खडखडू दे. तुला अगदीच राहवलं नाही तर शेजारणीचा मिक्सर आहे. त्या बाईंना आणि भट्टीवाल्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, ते इंग्रजीत मोडून दे. आजोबांना सांग, तुमची बिजागरी माझ्या घरी सुखरूप आहे आणि कोंबड्यांची मी माफी मागते. पुढल्या वर्षी तिघांना इकडे यायचं आमंत्रण दिलं आहे. पत्ते घेऊन या म्हणावं. टेबल आपण करू.

कळावे. कपाट उघडं आहे.

तुझी,
आक्का

ता. क. तू परदेशात असताना न्हाणीघराचा नळ गळायला लागला. बिजागरी लावायला आलास तेव्हा तू त्याखाली बादली ठेवलीस आणि नळाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून गेलास, "आक्का, हा असाच हवा आहे का?" ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. हात न लावता तू कसा बाहेर पडलास, ते मला कळतंय. अरे बाबा, तो नळ गेला महिनाभर मला झोपू देत नाही. पेचकस, पाना काय असेल ते घे आणि पहिल्या गाडीने ये!